ट्रकचा खांदा

पारोळ्यात झुलाल मिस्तरी म्हटलं की लोक आधी माझ्या रागाबद्दल सांगतात, मग माझ्या हाताबद्दल. दोन्ही खरं आहे. पाना हातात असताना कोणी मधे बोललं की माझं डोकं फिरतं. मोठमोठ्या गाडीमालकांना मी गॅरेजबाहेर काढलंय. पण एकोणनव्वद सालच्या पोळ्याला एका म्हातारीनं माझी अशी काही बोलती बंद केली, की अजून आठवलं तरी हसू येतं.

अभिमन आमच्या पारोळ्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यातला. त्यानं आदल्या वर्षी बैलजोडी विकली आणि एक जुना ट्रक घेतला. कसला ट्रक! बॉडीच्या फळ्या निखळलेल्या, दरवाजा सुतळीनं बांधलेला, आणि सुरू झाला की अख्खं गाव धुरात. पण इंजिन तब्येतीचं होतं. दोन महिने मी त्याच्यामागे खपलो आणि त्याला रस्त्यावर आणला. अभिमन कपाशी, केळी, विटा, मिळेल ते वाहायला लागला. घरात बरकत आली.

फक्त त्याची आई, मंजुळाबाई, त्याच्याशी बोलेना. ते बैल तिनं वासरं असल्यापासून वाढवले होते, आणि पोरानं तिला न विचारता त्यांना बाजार दाखवला. त्या दिवसापासून सगळा कारभार सुनेमार्फत. पोरगा पुढ्यात बसलेला असायचा आणि ही म्हणायची, "कुंदा, त्याले सांग, भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी." कुंदाबाई बिचारी बिनपगारी पोस्टमन झाली होती. त्या वर्षीच्या पोळ्याला घरात पुरण शिजलं नाही. बैल नाहीत तर नैवेद्य कोणाला, हा म्हातारीचा सवाल होता.

एकोणनव्वदचा पोळा जवळ आला तसा अभिमन माझ्याकडे आला. म्हणाला, "मिस्तरी, पोयाले मनी गाडी बैलेसना मांगे उभी करनी शे. मंग तरी माय मनासंगे बोली."

मी हसलो नाही. त्याचा चेहराच तसा होता.

पण ट्रकच्या मागच्या ब्रेकमध्ये राम उरला नव्हता, म्हणून तो पारोळ्यापर्यंत आणणंही धोक्याचं. मीच सामान घेऊन त्याच्या गावी गेलो. पूर्वी बैल बांधायचे त्या खळ्यात ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवला आणि मागची चाकं काढली. आतल्या ब्रेकच्या पट्ट्या घासून कागद झाल्या होत्या. मी नव्या कोऱ्या पट्ट्या ठोकल्या. त्यांच्यावर बसणारे लोखंडी ड्रम मात्र आतून खरवडलेले होते, ते लेथवर फिरवून घ्यायला हवे होते. पोळ्याच्या आदल्या दुपारी दोन्ही ड्रम घेऊन मी पारोळ्याला आलो. पट्ट्या तशाच उघड्या राहिल्या. एका रात्रीत त्यांना काय होणार होतं?

सकाळी ड्रम घेऊन परत गेलो आणि चाकाजवळ वाकलो. नव्या पट्ट्या पिवळ्याधमक! बोट लावलं तर चिकट. वास घेतला. लोणी आणि हळद!

ब्रेकच्या पट्टीला तेलाचा थेंब लागू नये म्हणून आम्ही हात पुसपुसून काम करतो, आणि इथं कोणी पावशेर लोणी चोळलेलं. मी पाना आपटला आणि ओरडलो, "कोनी करं हाई?"

अभिमन धावत आला आणि बघतच राहिला. कुंदाबाई दारात येऊन पायाच्या अंगठ्याकडे पाहायला लागली. मग मंजुळाबाई बाहेर आली. वाळलेली, ताठ, पदर खोचलेला.

"मी लावं," ती म्हणाली. "काल खांदेमयन व्हती. दारमा हाऊच उभा शे, मंग याले लावं."

आता राग कुठे काढणार? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, वर्षभर जू वाहून ते सोललेले असतात म्हणून. म्हातारीनं ट्रकभोवती फिरून बघितलं असणार की याचा खांदा कोणता. चाकं काढलेली, आत दोन बाजूंना वाकलेल्या पट्ट्या. तिला वाटलं, हाच. तिनं दोन्हीकडे मनापासून चोळलं होतं, एक कोपरा सोडला नव्हता.

अभिमन जमिनीवर काढून ठेवलेल्या चाकावर मटकन बसला. "मिस्तरी, मायनी मनी गाडीले खांदेमयन करी," तो पुटपुटला आणि लहान पोरासारखा हसत सुटला. वर्षभर ज्या ट्रकला तिनं हात लावला नव्हता, त्याला तिनं स्वतःच्या हातानं लोणी लावलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. बरं वाटलं मला, खूप बरं वाटलं.

तरी धंदा तो धंदा. मी म्हणालो, "अक्का, तो याचा खांदा नाही. ते लोणी राहिलं तर गाडी थांबणार नाही."

"मंग याना खांदा कोठे शे?" तिनं विचारलं. "तुम्हीन मिस्तरी शेतस ना? दखाडा."

पंचवीस वर्षं मी ट्रक उघडत आलो होतो. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. इंजिन? ते काळीज झालं. चाकं म्हणजे पाय.

तीच म्हणाली, "ओझं कोठे पडस?"

मी तिला खाली वाकवलं आणि स्प्रिंगचे पाटे दाखवले. एकावर एक रचलेले, ओझ्यानं वाकलेले, कडांना घासून चकाकणारे. तिनं त्यावरून हात फिरवला. "हाऊच," ती म्हणाली. "दखा कसा सोलाई गया."

पाट्यांना ग्रीस लागतंच. मी डबा पुढे केला. म्हातारीनं त्यात मूठभर हळद टाकली आणि कोपरापर्यंत हात काळे करत चारी चाकांजवळचे पाटे माखले. इतकं नीट ग्रीसिंग मी आजवर पाहिलेलं नाही.

इकडे मी पट्ट्या काढून पेट्रोलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि चुलीवर शेकल्या. शेजारच्या चुलीवर यंदा पुरण शिजत होतं. भाजलेल्या लोण्याचा वास गल्लीभर सुटला आणि दोन बाया विचारून गेल्या, काय नवीन केलंय म्हणून. कानस मारून, पट्ट्या बसवून, ड्रम चढवेपर्यंत चार वाजले.

अभिमननं ट्रक चढावरून वेशीत नेला तेव्हा तोरणाखाली बैल जमले होते. मानाची जोडी हिलाल पाटलाची. त्यानं ट्रक पाहून हात वर केला. "इंजिन वाजनं तर बैल पयतीन! यवानं व्हयी तर इंजिन बंद करीसन ये."

वेशीपासून अभिमनच्या घरापर्यंत उतार. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर कमी, सगळा भार अभिमनच्या पायावर आणि माझ्या भाजलेल्या पट्ट्यांवर. वेळ आलीच तर चाकाखाली टाकायला मी एक मोठा दगड उचलला. अभिमननं मात्र मान डोलावली.

तोरण तुटलं, ढोल वाजले, बैल निघाले. सगळ्यात मागे झेंडूच्या माळा घातलेला ट्रक, आवाज न करता उतरणारा. मी दगड घेऊन चाकाशेजारी पळत होतो. पोरंटोरं माझ्यावरच हसत होती. अर्ध्या उतारावर ट्रकनं वेग घेतला आणि समोर बघतो तर मंजुळाबाई ओवाळणीचं ताट घेऊन गल्लीच्या मधोमध उभी!

"अक्का, बाजूला व्हा!" मी किंचाळलो.

ती हलली नाही. अभिमन ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. ड्रम कण्हले, ट्रक थरथरला, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मी दगड टाकून रस्त्यातच बसलो.

तिनं चाकांवर पाणी घातलं, बंपरला कुंकू लावलं, ओवाळलं. मग पुरणपोळी उचलली आणि थबकली. बैलाला तोंड असतं. ट्रकला भरवायचं कुठे? ती पुढून बाजूला आली, एका हातानं लुगडं सावरत पायरीवर चढली आणि पोळीचा मोठा तुकडा खिडकीतून आत नेला.

"ले, खाय," ती म्हणाली. "सकायपासून उपाशी शे तू."

अभिमनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पाय अजून ब्रेकवर. डोळे पुसायची सोय नव्हती. त्यानं तसाच आ केला. "माय," एवढंच तो म्हणाला, आणि तोंडात घास असल्यामुळे तेही त्याला धड म्हणता आलं नाही.