ढिला नट

नत्थूनं लांबच्या प्रवासाची एक जुनी मोटारसायकल आष्टीच्या बापूजींकडून घेतली. निघताना त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईंनी, हँडलला कुंकू लावलं, त्याच्या हातावर दही ठेवलं आणि सवयीनं म्हटलं, "येजो बाबू."

कारंजाच्या त्याच्या घरात असं 'परत ये' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मग काय, आठवड्याच्या आत स्वारी परत आष्टीत हजर. आरशाचा नट ढिला झाला म्हणे. बापूजींनी नट कसला, आनंदाबाईंनी जेवू घातलं. पुढं कधी चेन, कधी सायलेन्सर. बिघाड काही सरेनात. सरतील कसे? आष्टीच्या अलीकडं थांबून नत्थू स्वतःच पाना फिरवायचा.

बापूजी मात्र मनातून खजील झाले होते. खराब गाडी गळ्यात मारली, असं त्यांना वाटू लागलं. यावेळी त्यांनी मेकॅनिक घरीच बोलावून ठेवला. त्यानं दिवसभर खपून एकूण एक नट पक्का करून टाकला.

"आमच्यापायी लय खेपा झाल्या तुह्या," आनंदाबाई दारात म्हणाल्या. "आता तुले इथं परत याचं काम नाई पडणार."

रस्ताभर गाडी कुठंच खडखडली नाही.