बुधरीची लाल नळी

ऐका ललिताबाई, मुलचेरा मांगं पडलं, पण दसरूभाऊचं गाव याले अजून वेळ हाय. औषधाची पेटी धरून बसा, रस्ता खराब हाय, तोवर एक गोष्ट सांगतो. तुमी डोळ्याच्या कॅम्पच्या नर्सबाई, तुमच्या कामाचीच हाय.

दसरूभाऊले एकच पोरगी, बुधरी. रसायन शिकाले नागपूरले होती. सुटीत आली का माह्या याच जीपमधी समोर बसे अन् डोकं खाये. "कय्यूमभाऊ, तुमच्या चपलेचा तळवा कशाचा हाय?" मी म्हणलं, "रबराचा. मंग काय सोन्याचा रायते?" तर म्हणे, "साखळीचा. बारीक बारीक कड्या, एकीले एक जोडत गेलेल्या."

शेवटच्या खेपेले तिनं काचेची नळी आणली. दोन्हीकून काच वितळवून बंद केलेली, आत लालभडक पातळ. मास्तरानं आठवण म्हणून देल्ली होती. अंगणात बापाले दाखवून राह्यली होती, मी तिथीच चहा पीत बसलो होतो.

"बाबा, हे जिवंत हाय."

"जिवंत? मंग चारापाणी काय देतं याले?" दसरूभाऊ हासला.

"आयक तर. याच्यात रबरासारखीच बारीक कड्यायची साखळी हाय. रेल्याच्या नाचात पोरी हातात हात घालून नाचतात ना? शेवटचीचा एक हात मोकळा रायते. नवी आली का तो धरते, मंग तिचा मोकळा. दुसऱ्या साखळ्यांत दोन रांगांचे मोकळे हात एकमेकांत गुतले का नाच खतम. याच्यात त्या हाताले असा करंट रायते का दोन मोकळे हात एकमेकाले ढकलतात, धरतच नाई. म्हणून पोरी सरल्या तरी रांग हात पसरून उभीच. सत्तर वर्षं होत आली, परदेशातल्या एका मास्तराले हे गवसलं. तवापासून याले जिवंतच म्हणतात."

"अन् मरते कशानं?"

"हवेनं, पाण्यानं. थेंबभर पाणी गेलं का हात मिटला. लाल रंग गेला का समज, मेलं."

सिकलसेलचा, रक्ताचा आजार तिच्या अंगात लहानपणापासूनच होता. त्याच हिवाळ्यात त्यानं नेली तिले. दवाखान्यातून मीच आणली, याच जीपमधी. समोरची सीट रिकामी होती.

यायच्या जमातीत मेलेल्याचा जीव नदीवरून घागरीत, पाण्यासंग आणतात अन् घरच्या पुरख्यांत मिळवतात. तेवढं झालं का माणूस घरी आलं. घागर भरून आली, अन् दसरूभाऊ दारात आडवा झाला. नळी छातीशी धरून.

"पाणी आत आणू नोका. पाण्यानं मरते ते. तिनंच सांगतलं."

गावातल्या जाणत्या कोलूबुढ्यानं समजावलं, "अरे, पोरगी बाहीरच फिरून राह्यली. घरात घे तिले."

"बाहीर कुठी? हे काय, माह्या हातात हाय."

घागर वापस गेली. अजूनही आली नाई.

आता त्याच्या डोळ्यावर जाळं आलं. जो येईल त्याच्यापुढं नळी धरते, "लाल हाय ना?" आमी सारे म्हणतो, हाय. नाई हाय, बाई. आधी पिवळी पडली, मंग पार पाण्यावानी झाली. काच फुटली नाई. कुठून तरी हवा गेली असल, नाईतर त्याचीबी उमर झाली असल.

तुमी ऑपरेशनले न्याल त्याले. पट्टी निघाल तवा पयले तो नळीच पाहील, अन् जवळ आपलं कोणी नसल. त्याच्याआधी कोणीतरी सांगाले पाह्यजे, अन् आमच्यानं ते होत नाई. दोनदा तोंड उघडलं मी, अन् लालच म्हणून आलो.

तो आज विचारलच तुमाले. लाल हाय, असं म्हणू नोका, बाई. खरं सांगजा. अन् सांगताना त्या बुढ्याचा हात धरजा, घागर दारात येईपर्यंत सोडू नोका.