क्रशरमधून वाचलो, वर्गात पोचलो

माझ्या दादालाच का नेलं? पोकलेनला विचारलं, डंपरला विचारलं. मी दगड बोलतोय. दगडाला कोण उत्तर देणार?

आम्ही दोघे भाऊ काळ्या खडकात गालाला गाल लावून जन्मलो. परवा नाशिकजवळच्या खाणीत आम्हाला एकत्र उचललं. दादा क्रशरमध्ये गेला, त्याची खडी झाली. मी टुणकन उडी मारून बाहेर! आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता दादाकडचा गाल गार पडतो.

डंपरवाल्या वसीमने मला घरी नेलं. त्याची बहीण जिया भूशास्त्र शिकलेली, वर बी.एड.

"आपा, गिफ्ट!"

"दगड?"

"दगडाची डिग्री घेतलीस, मग काय बिर्याणी मिळणार?"

डिग्रीनंतर जिया एका गावात पाण्याचा सर्व्हे करायला गेली, तर लोक हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्याला घेऊन आले. सरकारी भूजल खात्याची भरती निघेना. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत नोकरी तयार होती, पण जियाला शिकवायचंच होतं. एका शाळेने नमुना तास घ्यायला बोलावलं. तो फसला तर चंद्रपूर.

मी शाळा कधी पाहिलीच नव्हती. थेट टेबलावर बसलो!

सातवीचा वर्ग बघून जिया घाबरली आणि सवयीने तिने मला चाटलं. डोंगरात ही भूशास्त्राची मंडळी असंच करतात. दगड ओला झाला की त्यातले कण दिसतात. पण वर्गात?

"मॅडम, मीठ बरोबर आहे का?" रुद्र ओरडला. हशाच हशा. मागे बसलेल्या मुख्याध्यापिका बाईंनी पेनाला टोपण लावलं.

जियाने मला रुमालात गुंडाळून हातोडी मारली. मी घट्ट. पुन्हा मारली. तरी घट्टच.

"राहू द्या आता," बाई उठल्या.

जियाचा हात थरथरत होता. क्रशरमध्ये दादाही असाच थरथरला असेल का? मी अंग सैल सोडलं. तिसऱ्या घावाला उघडलो.

पोटात हिरवट, चकचकीत स्फटिक! मलाच माहीत नव्हतं!

"आईशप्पथ!" मुलं टेबलावर चढली.

"सरका रे, मला बघू द्या," बाई घुसल्या. "हे आत गेलं कसं?"

जिया सांगत सुटली: लाव्हा, त्यातले बुडबुडे, झिरपणारं पाणी. घंटा झाली, कुणी हललं नाही.

"सोमवारपासून याल?" बाईंनी विचारलं.

जियाने जोरजोरात होकाराची मान हलवली.

खिडकीतून ऊन आलं. मी ते दोन्ही तुकड्यांत पकडलं आणि सगळ्यांच्या तोंडांवर उधळलं.