पितरांच्या ताटातल्या कड्या

मोर्गोंजोरी गावात ऑक्टोबर सरत आला की घरोघरी बायका लोरिगित्तास, म्हणजे पितरांच्या जेवणासाठी पिठाच्या पिळाच्या कड्या, वळायला बसतात. रव्याच्या पिठाची बारीक दोरी तीन बोटांभोवती दोनदा गुंडाळायची, टोकं चिमटून जोडायची, मग कडी फिरवत पीळ द्यायचा.

"अगं अन्निका, किती दाबतेस! कड्या वळतेयस की उवा मारतेयस?" सासू बोनाकात्ता म्हणाली.

अन्निका हसली नाही. तिचा नवरा सिसिन्निओ फेब्रुवारीत मेंढ्यांमागे गेला होता, तो दरीत पडून मेला. आता नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पितर घरी येतात त्या रात्री, तो जेवायला येणार होता. पितरांसाठी मांडून ठेवलेल्या ताटाशी सुरी ठेवत नाहीत. बोनाकात्ताच्या घरी आणखी एक रीत होती: पितरांच्या कड्यांची टोकं जोडायची नाहीत.

"लोरिगा म्हणजे जनावर बांधायचं भिंतीतलं लोखंडी कडं," सासूनं तिला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. "ही त्याचीच पिल्लं. जेवायला बोलावलेल्याला कुणी बांधून घालतं का?"

अन्निकानं यंदा एकूण एक कडी घट्ट जोडली. तो एकदा घरात आला की तिला त्याला जाऊ द्यायचंच नव्हतं.

त्या रात्री तिनं ताट मांडलं; सकाळी ते होतं तसंच होतं. ती हिरमुसून अंगणात आली आणि थबकली. भिंतीतलं लोखंडी कडं खाली लोंबत नव्हतं. ते फाटकाच्या दिशेनं आडवं, ताठ ताणलेलं होतं. त्याला दोर नव्हता. वाराही नव्हता. तिनं ते खाली दाबून पाहिलं, दबेना. लोखंड कोमट होतं आणि थरथरत होतं. ओल्या लोकरीचा वास आला. कुणीतरी धापा टाकत होतं.

"सिसिन्निओ?"

कड्याला हिसका बसला. भिंतीतला चुना झरला.

"काय करून बसलीस, पोरी?" मागून बोनाकात्ताचा आवाज आला.

"ठेवून घेतलं. माझाच आहे ना तो?"

"माझाही आहे. लहानपणी हात धरलेलाही खपायचा नाही त्याला. ऐक जरा, कसा श्वास घेतोय."

अन्निकानं ऐकलं. मग ती आत जाऊन ताट घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसून एकेक कडी नखानं तोडू लागली. शेवटची तिनं मुठीत धरली.

"ही एक राहू दे ना, आई. एकच."

भिंतीपाशी घशात श्वास अडकल्यासारखा आवाज झाला.

अन्निकानं मूठ उघडली आणि ती कडी तोडली. लोखंड खणकन खाली पडलं. पावलं फाटकापर्यंत गेली, तिथं क्षणभर थांबली. त्यानं वळून पाहिलं की नाही, हे कळायला तिच्याकडे काही मार्ग नव्हता.