घरी पाठवायचा फोटो

"काकू, समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस ठेवा," मोबाईलमधून मनवा शिकवत होती. "या आठवड्याचा गृहपाठ म्हणजे खिडकीच्या उजेडात घरातल्या माणसाचा फोटो. मात्र त्यानं तुमच्याकडे बघायला हवं."

शेवटचं वाक्य अंबिकाबाईंनी वहीत लिहून घेतलं.

कर्जतच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या यजमानांचं, शरच्चंद्रांचं, विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वाटा, मग माणसं. तहसील कचेरीत तालुक्याचे सातबारे ज्यांना तोंडपाठ होते, ते आता स्वयंपाकघराचं दार शोधत. बाईंना घर सोडता येईना. तेव्हा पुण्याहून लेक सुहास आपला जुना कॅमेरा घेऊन आला आणि रविवारच्या ऑनलाइन वर्गात त्यानं आईचं नाव घातलं.

तीन महिन्यांत बाईंनी चिमण्या टिपल्या, वाळत घातलेल्या कुरडया टिपल्या. नवऱ्याचा एकही फोटो साधला नव्हता. ते समोर बसत, पण नजर भलतीकडेच.

सोमवारी सकाळी त्यांनी खिडकीशी खुर्ची मांडली. कॅमेरा वर केला तसे शरच्चंद्र दचकले. मग सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसून थेट त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई, जरा चांगला काढा हं. घरी पाठवायचाय."

"घरी कुणाला?"

"आमच्या मंडळींना. किती दिवस झाले, काही कळवलं नाही. जिवाला घोर लागला असेल तिच्या."

चेहऱ्यापुढे कॅमेरा होता म्हणून बरं. "पत्ता सांगता?"

"सौ. अंबिका शरच्चंद्र धर्माधिकारी, जुन्या पोस्टामागे, कर्जत, जिल्हा नगर." ते कुठेही अडखळले नाहीत.

बाईंनी बटण दाबलं.

रविवारी मनवा म्हणाली, "काकू, हा तुमचा सगळ्यात सुंदर फोटो. काका किती विश्वासानं बघतायत तुमच्याकडे!"

"हो," बाई म्हणाल्या.

शरच्चंद्र मात्र रोज विचारत, "बाई, पाठवलात ना?" खोटं बोलणं बाईंच्या जिवावर येई. शेवटी शेजारणीला घरी बसवून त्यांनी स्टुडिओतून फोटो छापून आणला. त्याच्या मागे शरच्चंद्रांनी सावकाश लिहिलं, 'मी खुशाल आहे. इथल्या बाई चांगल्या आहेत.' बाईंनी पाकिटावर पत्ता घातला आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.

चौथ्या दिवशी पोस्टमन अजिनाथ दारात आला. "बाई, अक्षर तर तुमचंच हाय की! सोताच सोताला पत्र धाडलं व्हय?"

"नाही रे. आमच्या ह्यांनी पाठवलंय."

दारातच त्यांनी पाकीट फोडलं, मागच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग आत जाऊन नवऱ्याजवळ बसल्या.

"तुमचा फोटो पोचला बरं का."

"पोचला?" त्यांचा चेहरा उजळला. "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, लवकर घरी या."

शरच्चंद्रांनी मान डोलावली आणि चपला शोधायला उठले. बाईंनी खाली बसून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या, स्वतःच्याही घातल्या. फाटकाबाहेर येऊन ते थांबले, दोन्हीकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला ठाऊक आहे का हो आमचं घर?"

"चला," अंबिकाबाई म्हणाल्या. "मी येते पोचवायला."