मुलचेऱ्याचा रस्ता लाल झाला

साक्षी मेश्राम दहावीत होती तेव्हा वडील सोमाजी आणि ती, दोघं भरल्या नाल्याच्या काठावर एसटीत अडकून पडली होती. रस्ता बंद आहे हे गावागावांत लोकांना ठाऊक होतं. गाडीतल्यांना मात्र पाणी पाहिल्यावरच कळलं. ती गोष्ट तिच्या मनातून काही गेली नाही.

पुढे चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात तिनं आणि वर्गमित्र जिशाननं तोच विषय प्रोजेक्टला घेतला. गडचिरोली जिल्ह्याचे रस्ते पडद्यावर हिरव्या रेघांनी काढायचे आणि गावातल्या माणसानं 'बंद' दाबलं की रेघ लाल व्हायची. परीक्षकांनी चांगले मार्क दिले. पण हे सगळं कॉलेजातल्या एकाच संगणकात कोंडलेलं. त्याला गडचिरोलीतल्या पावसाशी काय सोयरसुतक?

म्हणून ते इंटरनेटवर चढवायला दोन हजार सहाच्या ऑगस्टात दोघं आरमोरीला आली. बसस्टँडसमोर जिशानची बहीण शिरीन सायबर कॅफे चालवायची. भाड्यानं घेतलेला सर्व्हर होता अमेरिकेत. सकाळपासून फायली चढवायला बसले, तर एकेक फाइल चिखलातल्या रेड्यासारखी पुढं सरके. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

अखेर पान उघडलं. रेघा होत्या, पण गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

"अरे, गावंच गायब झाली ना!" जिशान डोक्याला हात लावून बसला.

साक्षी पडद्याकडे बघत राहिली. आपल्या संगणकाला मराठी ओळखीची होती, सर्व्हरला ती कोणी शिकवलीच नव्हती. तिनं तिथली सेटिंग बदलली, नावं पुन्हा भरली आणि पान नव्यानं उघडलं.

आरमोरी. चामोर्शी. घोट. मुलचेरा.

सातासमुद्रापलीकडच्या यंत्रानं आपल्या रानातली गावं बिनचूक लिहून पाठवली होती.

"बिमलदांना फोन लाव," ती म्हणाली. बिमल मंडल मुलचेऱ्याला एसटीडी बूथ चालवायचे; बूथातल्या दुसऱ्या फोनच्या तारेवर त्यांचं इंटरनेट रखडत का होईना, चालायचं. पानाचा पत्ता त्यांना आधीच देऊन ठेवला होता.

"दादा, पान उघडून पाहा. तुमच्याकडचा रस्ता कसा आहे?"

"घोटच्या बाजूला पुलावर पाणी हाय. कोणी येत नाई, जात नाई."

"मग तुम्हीच दाबा. आम्ही इथं हात लावत नाही."

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. जिशाननं पान ताजं केलं. हिरवी रेघ. पुन्हा केलं. हिरवीच. तिसऱ्यांदा पान उघडलं, तर घोट ते मुलचेरा लालभडक! शिरीन गल्ला सोडून पाठीमागं येऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात बाहेर काळीपिवळीवाला मुखरू "मुलचेरा, मुलचेरा" ओरडायला लागला. साक्षी धावतच गेली.

"भाऊ, घोटवरून जाऊ नका. पुलावर पाणी आहे."

"काऊन वं बाई? इथी बसून तुले मुलचेऱ्याचं पानी दिसून राह्यलं का?"

"हो," ती म्हणाली. आपल्याच उत्तराचं तिला नवल वाटलं.

मुखरूनं आत येऊन लाल रेघ निरखली. जीपमध्ये नातवाला कुशीत घेतलेली बुधरीबाई होती, तिनं गाडीतूनच हाक मारली, "लांबून घे रे बाप्पा! पोट्टं हाय संगं."

"आष्टीवरून नेतो," तो म्हणाला. "तिकडून हिरवा दिसून राह्यला."

दिवस मावळायच्या आत बिमलदांच्या बूथवरून मुखरूचा फोन आला. सगळे पोचले होते. घोटकडच्या पुलाचा कठडा दुपारीच वाहून गेला, असं तिथं लोक सांगत होते. "बाई," तो म्हणाला. "बरं झालं," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

साक्षीनं पान पुन्हा उघडलं. एटापल्लीच्या पलीकडं आणखी एक रेघ लाल झाली होती. तिकडं तर त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. रेघेशेजारच्या चौकटीत कोणीतरी टाइप केलं होतं: "नाल्यावर येर. येऊ नका. जंगू."

"येर म्हणजे?" जिशाननं विचारलं.

"गोंडीत पाणी," साक्षी म्हणाली. हा जंगू कोण, त्याला हे पान कोणी दाखवलं, तो कुठं बसून लिहितोय, तिला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्यानं पाणी पाहिलं होतं, आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं.