धाकटीची लेकरं

थोरलीच्या गुलाबांवर मावा पडला होता आणि धाकटीच्या गुलाबांवर पडला नव्हता. घरात बाकी कुणाला याचं विशेष काही वाटलं नाही. थोरलीचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं.

दोघी जावांची काचघरं एकमेकींना खेटून होती. मधे एक माणूस जाईल एवढीच वाट. पाणी एकाच टाकीचं, खत एकाच ढिगातलं, रोपंसुद्धा सासऱ्यांनी एकाच वेळी निम्मी निम्मी वाटून दिलेली. तरी थोरलीकडच्या कोवळ्या शेंड्यांवर ते हिरवे किडे दाटीवाटीने बसलेले, पानं त्यांच्या चिकट्याने तुकतुकीत झालेली, आणि त्या गोड चिकट्यासाठी खोडांवरून मुंग्यांची अखंड ये-जा. थोरली पंप पाठीवर घेऊन औषध मारायची. मावा चार दिवस दम खायचा आणि मग व्याजासकट परत यायचा. धाकटीचा पंप कोपऱ्यात पडून होता, त्याच्या नळीत कोळ्याने जाळं केलं होतं, आणि तिची पानं पाहावीत तर नुकती पुसून ठेवल्यासारखी.

हिला कात्री कशी धरायची ते मी शिकवलं, असं थोरली मनाशी म्हणायची. ते खरंही होतं. लग्न होऊन आली तेव्हा धाकटी काटा बोचला की बोट तोंडात घालून उभी राहायची. आता गिऱ्हाइकं दुकानात येऊन ‘धाकट्या बाईंकडची फुलं आहेत का’ विचारत होती. थोरलीच्या पोटात दुखायचं ते इथे. आणि उगाच खोटं का बोला, ते चांगलंच दुखायचं.

त्यात मागच्या जागेत नवं काचघर उभं राहत होतं. जुनी दोन्ही त्यात मावून वर जागा उरेल एवढं मोठं. सासरे गुडघ्यांमुळे आता आत फारसे येत नसत, पुढे दुकानात बसून असत. पण तिथूनच त्यांनी सांगून टाकलं होतं, की काचा बसल्या की जिचा हात चांगला तिच्या हातात किल्ली. थोरलीने या घरात निम्मं आयुष्य गुलाब छाटण्यात घालवलं होतं. ती किल्ली तिला हवी होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती पाहायची नव्हती, हे तर त्याहून जास्त.

एकदा जेवताना सासऱ्यांनीच विषय काढला, की दोन्हीकडे सगळं सारखं असताना मावा एकीकडेच कसा. धाकटी पुस्तकं वाचणारी. ती सांगू लागली, की मुंग्या माव्याला गुरांसारख्या राखतात, त्याचा चिकटा पितात आणि बदल्यात त्याच्या वैऱ्यांना हुसकून लावतात. औषध सरसकट मारलं की माव्याबरोबर त्याला खाणारेही मरतात. मग मावा आधी परत येतो, कारण त्याला लग्नकार्य लागत नाही, एकटी मादीच पिल्लं घालत सुटते. खाणाऱ्यांची वीण मागून आणि सावकाश वाढते. म्हणून थोडा मावा राहू द्यावा लागतो. मावाच नसेल तर त्याला खाणारे राहतील कशावर?

सासरे घास हातात धरून ऐकत होते. थोरली धाकटीचं ऐकत नव्हती, ती तो थांबलेला घास बघत होती. तिच्या बोलण्याने तो कधी थांबला नव्हता. धाकटी ढालकिड्यांवर आली, लाल पाठीवर काळे ठिपके असतात ते, तेव्हा थोरली उठली, आपलं ताट घेऊन आत गेली आणि गरज नसताना पातेली घासत बसली. त्या खडखडाटात पुढचं तिला ऐकू आलं नाही. नेमकं तेच ऐकायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात धाकटीच्या आईच्या पायाचं हाड मोडलं. नवऱ्याला घेऊन ती घाईघाईने माहेरी निघाली. पिशवी खांद्याला लावून ती काचघराची किल्ली द्यायला थोरलीकडे आली.

“वहिनी, माझ्या लेकरांकडे लक्ष असू द्या. पाणी तेवढं घाला, बाकी काही करू नका.”

धाकटीला मूलबाळ नव्हतं. रोपांना लेकरं म्हणण्याची हौस पुष्कळांना असते, तशीच हिलाही असेल, असं थोरलीने धरलं आणि ती वळल्यावर नाक मुरडलं.

मग ती त्या काचघरात शिरली. एकटी, पहिल्यांदाच. आधी झारीला हातही न लावता तिने फळीमागे पाहिलं, पोत्यांखाली पाहिलं, रिकाम्या कुंड्या हलवून पाहिल्या. कुठलं तरी भारी औषध धाकटीने चोरून आणलेलं असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. बाटली काही सापडली नाही. सापडलं ते वेगळंच. एक पान उलटलं तर खाली अळी. काळी, खरखरीत, पाठीवर बारीक काटे आणि नारिंगी डाग, सहा पायांवर तुरुतुरु चालणारी. दुसरं पान उलटलं, तिथेही. शेंड्यावर थोडा मावासुद्धा होता. म्हणजे इथेही कीड होती तर, आणि तीही असली घाणेरडी.

थोरलीला उकळ्या फुटल्या. तिने अळ्या बसलेले चार-पाच शेंडे छाटले, काचेच्या बरणीत घातले आणि तोंडाला फडकं बांधलं. धाकटी परतली की सासऱ्यांसमोर बरणी ठेवायची, एवढंच तिने ठरवलं. बोलायचं काहीच नाही. मग पंप भरला आणि धाकटीचं काचघर या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजवून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपलं काय चुकतंय, लक्ष ठेवा म्हणाली होती, आपण ठेवलं. असं स्वतःला सांगताना तिला अगदी पुण्यवान वाटत होतं. अळ्या पटापट खाली पडल्या. झाडून काढताना तिने गाणंही गुणगुणलं.

बरणी अवजारांच्या खोलीत फळीवर राहिली. थोरलीने मधे एकदा डोकावलं, तर अळ्या काचेला चिकटून आखडून बसलेल्या. मेल्या असाव्यात, असं म्हणून तिने ती पुन्हा जागेवर ठेवली. मेलेला पुरावाही पुरावाच.

तिकडे धाकटीच्या गुलाबांवर मावा चढू लागला. मुरडलेल्या पानांत चार किडे वाचले असतील, त्यांना आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं. बघता बघता कळ्या झाकल्या गेल्या. मुंग्या आल्या. थोरलीकडे होता त्याहून वाईट प्रकार झाला आणि थोरली तो रोज जाऊन बघू लागली.

शेवटी सासरे काठी टेकत स्वतः आले. धाकटीकडच्या एका कळीवर बोट फिरवून त्यांनी ते धोतराऐवजी थेट काठीला पुसलं, एवढी त्यांना किळस आली. धाकटी दोन दिवसांनी परतणार होती. काचा बसायची वाटही न बघता त्यांनी खिशातून नव्या काचघराची किल्ली काढली.

“इतके दिवस नशिबाने निभावलं तिचं. नवं घर तूच बघ.”

किल्ली थोरलीच्या तळहातावर आली. किती वर्षं वाट पाहिली होती. आता बरणीची गरजही नव्हती, पण सासऱ्यांना तीही दाखवून टाकू, म्हणजे उरलीसुरली शंका मिटेल, म्हणून ते दुकानात जाऊन बसेपर्यंत ती अवजारांच्या खोलीत गेली.

बरणीतल्या शेंड्यांवर एकही मावा नव्हता. शेंडे वाळले होते, पण स्वच्छ. काचेवर अळ्यांची रिकामी, फाटलेली कातडी चिकटलेली. आणि फडक्याच्या आतल्या बाजूने लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरत होते. एक तर नुकताच बाहेर येत होता, फिका पिवळा, बिनठिपक्यांचा. थोरली उपड्या कुंडीवर बसली. ती बघत असतानाच त्याच्या पाठीवर एकेक ठिपका उमटू लागला.

लेकरं. ती खरोखरच लेकरं म्हणाली होती.

बरणी मागच्या खड्ड्यात रिकामी केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. किल्ली हातात होती. ‘पाणी तेवढं घाला’ हे दोघींशिवाय कुणी ऐकलं नव्हतं, आणि धाकटी भांडणारी नव्हती. थोरलीने हा सगळा हिशेब केला. दोन दिवस केला. बरणीत मात्र रोज आपल्याकडचा माव्याने भरलेला एक शेंडा टाकत राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

धाकटी आली ती पिशवी न ठेवता सरळ काचघरात गेली. कळ्यांकडे तिने पाहिलं नाही, पानं उलटत सुटली. या रांगेतली, त्या रांगेतली. मागून सासरे आले, त्यांच्यामागे थोरली, पदराआड बरणी.

“एकसुद्धा नाही हो, वहिनी,” धाकटी म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि थोरलीलाच समजावलं, “तुम्ही तरी काय करणार. पाणी तर घातलंत ना वेळेवर.”

ओरडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. उलट बोलता आलं असतं, औषध तुझ्या भल्यासाठीच मारलं म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं. तिने बरणी पुढे केली.

“मी मारली. औषध घालून. ती ढालकिड्यांची पिल्लं आहेत हे मला माहीत नव्हतं.” ती थांबली. “माहीत असतं तरी मारली असती बहुतेक. तुझं चांगलं चाललेलं मला बघवत नव्हतं.”

थोरलीने किल्ली काढून सासऱ्यांच्या हातात ठेवली आणि ती तिला द्या म्हणाली. ते शब्द तोंडातून जाताना आतून काहीतरी उपटून काढल्यासारखं झालं. सासरे किल्लीकडे बघत राहिले. मग ती त्यांनी खिशात परत टाकली आणि काचा बसू देत आधी, एवढंच पुटपुटले.

धाकटीने बरणी उजेडात धरली. रागावली होती, पण डोळे आतले ढालकिडे शोधत होते.

“यांना खायला कोण घालत होतं?”

“मीच.”

धाकटीने बरणी खाली घेतली. मग कोरड्या आवाजात म्हणाली, “निम्मी तुमच्याकडे सोडायची का?”

“नको,” थोरली म्हणाली. “माझ्याकडे मुंग्या फार आहेत. टिकू देणार नाहीत. आधी त्यांचं काहीतरी करते.”

धाकटीने फडकं सोडलं. एकेक ढालकिडा बरणीच्या काठावर आला, पंख उघडून बघितले आणि उडाला. काही माव्याने भरलेल्या कळ्यांवर गेले, दोन धाकटीच्या मनगटावर बसले. थोरलीनेही हात जरा पुढे धरला होता. त्यावर एकही बसला नाही, आणि याचंसुद्धा तिला वाईट वाटलं.